लोकरीच्या खोलीतले काका

आमच्या मागच्या खोलीत एक गृहस्थ बारा वर्षं भाड्यानं राहिले. बारा वर्षं ते तिथं तांब्यात आवाज कोरत होते, आणि बारा वर्षांत कोरलेला एकही आवाज त्यांनी कुणाला ऐकवला नाही. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे काय? म्हणजे हेच. पहिली दोन वर्षं मलाही वाटायचं की आपल्याच समजण्यात काही घोळ आहे.

गावात त्यांना तबकडीवाले म्हणत. आम्ही घरात काका म्हणायचो. मी जुन्नरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून ते मला कंट्रोलर म्हणायचे. नाव त्यांना ठाऊक होतं, पण मला बारशात मिळालेल्या नावात त्यांना काही रस नव्हता. माझ्या हातात गाड्यांच्या वेळा आहेत, एवढीच माझी त्यांच्या लेखी किंमत.

ते मूळचे मंचरचे. उमेदीची वर्षं मुंबईला रेकॉर्डी काढणाऱ्या एका कंपनीत गेली. गाण्याची रेकॉर्ड बाजारात येण्याआधी एक मूळ तबकडी कोरावी लागते, तिच्यावरून साचा निघतो आणि साच्यातून हजारो रेकॉर्डी दाबून काढतात. त्या मूळ तबकडीला मास्टर म्हणतात, आणि ती कोरणं हे यांचं काम. आधी ती मऊ थरावर कोरायचे. शेवटी शेवटी परदेशातून नवी रीत आली. पोलादी चकतीवर तांब्याचा थर चढवायचा आणि हिऱ्याच्या सुईनं थेट तांब्यातच कोरायचं. काका त्या रीतीत तरबेज झाले आणि दोन-तीन वर्षांत कॅसेटींनी रेकॉर्डींचा बाजार उठवला. कंपनीनं तो विभागच बंद केला. शहाणा माणूस अशा वेळी दुसरा धंदा बघतो. यांनी ते यंत्र भंगारातून सोडवलं, टेम्पोत घातलं आणि जुन्नरला आणलं. मंचरला घर असताना इथं कशाला, असं मी विचारलं होतं. मंचरला हायवे आहे, ट्रक गेला की जमीन हलते, म्हणाले.

आमचं घराणं मेंढरांचं. मी नोकरीला लागलो तरी माझे वडील, आबा, पिंपळवंडीच्या बाजूला साठ-सत्तर मेंढरं राखून होते. कातरणीची लोकर आमच्या मागच्या खोलीत भरलेली असायची. खोली बघायला आले तेव्हा काकांनी दारात उभं राहून एक टाळी वाजवली, ती न घुमता लोकरीत विरली हे कान देऊन ऐकलं आणि ही द्या म्हणाले. भाडं विचारलं नाही, पाणी किती वेळ येतं विचारलं नाही. दोन दिवसांत लोकर हलवतो म्हटलं, तर म्हणाले, "लोकर राहू द्या. तीच तर भाड्यानं घेतोय."

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

महिन्याभरात आमची मोरी निळी झाली. तांब्याचा थर चढवायला मोरचूद लागतो, आणि मोरचूद मिळतो शेतीच्या औषधांच्या दुकानात, कारण द्राक्षवाले तो डाऊनीच्या बुरशीवर फवारतात. दुकानदारानं विचारलं, पावणं, बाग कुठं आहे, डाऊनी आलाय का? बाग नाही म्हटल्यावर त्याला शंका आली, की हा माणूस एक तर स्वतःला काही करून घेणार नाही तर दुसऱ्याला. त्यानं स्टँडवर मला निरोप धाडला. भर गर्दीच्या वेळी मी दुकानात जाऊन सांगितलं की हे आमचे भाडेकरू आहेत, ठीक आहेत. ठीक आहेत हे सांगताना माझीच जीभ अडखळली. पुढं दुकानदार दर वेळी विचारायचा, काय काका, यंदा तबकडीला डाऊनी किती? काका गंभीरपणे उत्तर द्यायचे की यंदा थर चांगला बसतोय.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "तांब्याला खोडरबर नसतं." एकदा सुई टेकली की सतरा-अठरा मिनिटं सलग कोरायचं, मध्ये कुणी खोकला तर तो खोकलाही तांब्यात गेला, आणि तेवढी तबकडी वाया. त्यामुळं कोरायचं असलं की अख्खी आळी वेठीला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला अर्धा तास पट्टा उतरवायला सांगायचं. भारनियमनाचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ, कारण विजेचा दाब पडला की चकती मंदावते आणि माणूस भलत्याच पट्टीत गायला लागतो. शेजारची म्हैस ओरडू नये म्हणून तिला आधीच पेंड. हे सगळं सांगत दारोदार कोण फिरणार? तर मी. गिरणीवाला मला लांबून बघूनच म्हणायचा, "आलं का तांब्याचं आमंत्रण?"

आणि गाड्या. आमच्या मागच्या रस्त्यानं नारायणगावच्या गाड्या जायच्या. एसटी गेली की खोलीतली जमीन थरथरते आणि ती थरथर रेघेत उतरते, असं त्यांचं म्हणणं. ते स्टँडवर येऊन खिडकीशी उभे राहायचे. कंट्रोलर, अकरा दहाची थोडी थांबव. मी म्हणायचो, काका, गाडीत माणसं असतात. ते म्हणायचे, पाच मिनिटं. मी नाही म्हणायचो, ते तिथंच उभे राहायचे, मागं चौकशीवाल्यांची रांग वाढायची. असं किती वेळा झालं याला गणतीच नाही. मी एकदाही ऐकलं नाही. म्हणजे, एकदा सोडून.

पिंपळवंडीचं भजनी मंडळ त्यांच्याकडं कोरून घ्यायला आलं त्याची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. तीक्ष्ण आवाज कोरताना यंत्राचं नाजूक डोकं तापून जळतं, म्हणून टाळ त्यांना वैरी. त्यांनी सगळ्या टाळांना मोजे घातले, पायातले. एका टाळकऱ्याचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि त्याच्या तोंडून शिट्टी निघायची, त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. बिचाऱ्यांनी तसंही भजन म्हटलं. झाल्यावर घाम पुसत बुवा म्हणाले, लावा आता. काका म्हणाले, लावायची नसते. मग काय करायची असते, यावरून पाऊण तास झाला. शेवटी काकांनी तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाले, हा बघा तुमचा आवाज. दहा माणसं रांगेनं एकेक डोळा मिटून बघून गेली. पडक्या दातांच्या टाळकऱ्यानं दोनदा पाहिलं आणि विचारलं, "ह्यात माजा कुटला?" काकांनी सुईच्या टोकानं एक रेघ खरंच दाखवली. तो माणूस इतका खूश झाला की बाकीच्यांना भांडणच पुढं नेता येईना.

लावायची नाही याचं कारण ते असं सांगत, की मास्टर म्हणजे बियाणं. त्यातून साचा निघायचा, साच्यातून पीक. सुई फिरली की रेघ झिजते. "बियाणं कुणी भाजून खातं का?" मी म्हणायचो, काका, साचा काढणारे कारखाने बंद पडलेत, पेरणार कुठं? ते म्हणायचे, रेकॉर्डी परत येणार. आता म्हणे पुण्यात पोरं हौसेनं रेकॉर्डी विकत घेतात. म्हणजे हेही त्यांचं खरं निघालं, आणि तेही मला फारसं आवडलेलं नाही.

या माणसाचं जमायचं ते फक्त आबांशी. आबा मेंढरं घेऊन लांब गेलेले नसले की संध्याकाळी दोघं लोकरीच्या पोत्यांवर बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. आबांना कळपाच्या घंटांवरून कोणतं मेंढरू मागं राहिलं ते न बघता कळायचं. काकांनी याची परीक्षा घेतली होती, चार वेळा. मग मला येऊन म्हणाले, तुझ्या वडिलांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकमेव स्तुती, आणि तीही माझी नव्हती.

मग आबांचा घसा बसला. आधी वाटलं थंडी बाधली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, नाही तर माणूस जाईल. ऑपरेशनला पंधरा दिवस होते. आबांचा आवाज आमच्याकडं कशातच धरलेला नव्हता. घरी टू-इन-वन होता, पण त्यावर आम्ही गाणी ऐकली, बातम्या ऐकल्या, घरच्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतो? मी नवी कॅसेट आणली आणि मशीन घेऊन मागच्या खोलीत गेलो. काका तुम्ही तुमचं कोरा, मी शेजारी हे लावतो, म्हटलं. ते म्हणाले त्याच्या मोटरची घरघर तांब्यात जाईल. "दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, कंट्रोलर. एक काय ते ठरव." नंतर लावतो म्हटलं, तर आबाच मध्ये पडले. घसा खरडत म्हणाले, "त्ये म्हंत्यात तसं करू. दोनदा बोलायचा दम न्हाई माज्यात."

त्या दिवशी मी अकरा दहाची गाडी धरून ठेवली. चाकाची हवा बघायची आहे असं ड्रायव्हरला सांगितलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, लोक पत्र्यावर थापा मारायला लागले. एक म्हातारी कोर्टाच्या तारखेला निघाली होती, ती खिडकीतून माझ्याकडं नुसती बघत राहिली. गिरणी बंद, म्हैस पेंडीवर, आई मागच्या दाराबाहेर ओट्यावर राखण करत बसलेली. आत फक्त काका आणि आबा. सतरा मिनिटांनी मी गाडी सोडली. घरी आलो तेव्हा आबा चहा पीत होते. काय म्हणालात, विचारलं, तर हातानं झालं अशी खूण केली. काकांना विचारलं, तर म्हणाले, स्वच्छ आलंय.

ऑपरेशन झालं. आबा वाचले आणि त्यांचा आवाज गेला. मेंढरं विकावी लागली, कारण कळप हाळीवर चालतो, काठीवर नाही. त्यानंतर सात वर्षं आबा आमच्या ओट्यावर बसून होते. काही हवं असलं की काठी आपटायची, एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे आई. आणि त्यांचा आवाज त्यांच्यापासून वीस पावलांवर, भिंतीपलीकडं, एका पेटीत बंद होता.

मी काय नाही केलं? विनवलं, भांडलो, खोली खाली करा म्हणालो. एकदाच लावा, म्हातारा माणूस आहे, स्वतःचा आवाज एकदा ऐकू द्या. काकांचं उत्तर तेच, बियाणं. एकदा मी त्यांची गचांडीच धरायची बाकी ठेवली होती. तेव्हा ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "एकदा वाजवून फारसं झिजत नाही, मला माहीत आहे. पण एकदा ऐकल्यावर तू थांबशील?" मी दार आपटून बाहेर आलो. सगळ्यात चीड याची, की आबा त्यांच्यावर कधी रागावले नाहीत. संध्याकाळी काठी टेकत जायचे आणि पोत्यावर बसायचे. आता तर दोघांना बोलायची अडचणच उरली नव्हती.

शेवटी काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. यंत्र इथंच ठेवलं, वर्षभरात येतो म्हणाले, म्हणजे खोलीही अडकली. जाताना त्यांनी बाकीच्या तबकड्या पेटीत कुलूपबंद केल्या आणि आबांची तेवढी फडक्यात गुंडाळून आईच्या हातात दिली. म्हणाले, "वहिनी, ही देवासारखी जपा."

आईनं शब्दशः तसंच केलं. तबकडी देवघरात ठेवली. रोज हळदीकुंकू. पुढच्या पावसाळ्यात ती काळी-हिरवी पडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ड्युटीवरून आलो, तर ओट्यावर घासलेली भांडी उन्हाला मांडलेली. ताम्हण, पळी, तांब्या, हंडा, आणि शेवटी भिंतीला टेकून आबांची तबकडी, लखलखीत. माझ्या हातातला डबा खाली पडला. आई म्हणाली, "काळी पडली व्हती रं. देवाचं समदं काडलं, मग ती कशी ठिवू? चिंच लावून राखंनं घासली." शेजारी आबा बसले होते. घासताना एक डाग राहिला होता तो त्यांनीच काठीनं दाखवला, असं तिनं कौतुकानं सांगितलं.

मी आईला काय बोललो ते लिहीत नाही. ती रडली, आणि का रडतेय ते तिला पुरतं कळलंही नव्हतं. मग मी नाशिकला फोन लावला आणि काकांच्या मुलीला सांगितलं, निदान त्यांच्या कानावर घाला. ती म्हणाली त्यांना प्रवास झेपायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नाशिकची गाडी लागली आणि तिच्यातून काका उतरले, उजवा पाय ओढत, काखेत सूक्ष्मदर्शकाची पेटी. खिडकीशी येऊन म्हणाले, कंट्रोलर, चल.

मागच्या खोलीत त्यांनी तबकडी भिंगाखाली ठेवली आणि बराच वेळ पाहिली. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी. आता हे हिला काही बोलले तर मी यांना उचलून बाहेर ठेवीन, असं मी ठरवलं होतं. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "वहिनी, कशी घासलीत? हातानं करून दाखवा."

आईनं हवेत हात फिरवला.

"गोल?"

"ताट कसं घासत्यात? गोलच की."

"आणि धरली कशी?"

मधल्या भोकात अंगठा घालून, तळवा टेकवून, असं तिनं दाखवलं. काका म्हणाले, रेघही गोलच जाते. आडवी घासली असती तर काही उरलं नसतं. तळव्याखालचं तर तसंच आहे. मग त्यांनी तबकडी भिंगाखालून काढली. त्यांची मान हलत होती, झटक्यामुळं की कशामुळं ते कळेना.

"बियाणं तर गेलं, वहिनी," ते म्हणाले. "आता भाजून खाऊ." आणि माझ्याकडं न बघता, "तुझा तो टू-इन-वन आहे का अजून?"

मी धावत जाऊन आणला. नवी कॅसेट सात वर्षं कागदात तशीच होती. आबांना पोत्यावर बसवलं. काकांनी यंत्रावरच्या, ऐकायची सुई असलेल्या दांडीचं फडकं सोडलं, ते बारा वर्षांत मी पहिल्यांदा सुटलेलं पाहिलं. मी कॅसेटचं बटण दाबलं, त्यांनी डाव्या हातानं सुई टेकवली.

आधी नुसती खरखर, राखेची. आई मान खाली घालून उभी होती. मग खरखरीखालून आबा बोलले.

मेंढरं घेऊन चार-चार महिने गेलेले आबा परत यायचे तेव्हा पलीकडच्या टेकाडावरून एक हाळी द्यायचे. तेवढ्यावर आई चूल पेटवायची, आणि ते घरी पोचेतो पहिली भाकरी तव्यावरून उतरलेली असायची. ती हाळी होती. "आलो गंऽऽ." यंत्राचं डोकं जळेल म्हणून काकांनी ओरडायला मनाई केली होती, त्यामुळं टेकाडावरून द्यायची हाळी आबांनी शेजारच्या माणसाला सांगावं तशी दिली होती, बसक्या आवाजात. एकदा, आणि थांबून परत एकदा. आई चुलीकडं निघाली. दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. आबांचे ओठ हलत होते, प्रत्येक वेळी तबकडीच्या जरा आधी.

पुढं मेंढरांच्या हाका होत्या, पाण्यावर नेतानाची, वाघराच्या जाळीत कोंडतानाची, कुत्र्याला द्यायची. मध्ये मध्ये सगळं बुडायचं आणि पुन्हा वर यायचं. मग सुई आईच्या तळव्याखालच्या भागात आली आणि खरखर एकदम थांबली. आबा इतके स्पष्ट बोलले की मी पोत्यावरच्या आबांकडं पाहिलं.

"बास आता. त्यानं तिकडं गाडी धरून ठिवलीया. सोड म्हनावं, लोकं खोळंबली असतील."

एवढंच. त्यानंतर कोरी रेघ.

आबा पुढं दोन वर्षांनी गेले. त्याआधी काका गेले, नाशिकला. त्यांची पेटी माझ्याकडंच आहे. भजनी मंडळातले दोघं-तिघं उरलेत, ते अधूनमधून येतात आणि एकदा लावा म्हणतात. मी बघू म्हणतो आणि माझाच मला राग येतो. आबांची तबकडी आम्ही त्या दिवशी पाच वेळा वाजवली, पुढं दर रविवारी. थांबलो नाही. काका म्हणाले होते तसंच झालं, आता तिच्यावर खरखरच आहे. आबा आहेत ते कॅसेटवर. त्या सात वर्षांबद्दल मी काकांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. बाप ओट्यावर मुका बसलेला आणि त्याचा आवाज भिंतीपलीकडं, हे मला कुठल्याही बियाण्याच्या हिशेबात बसवता येत नाही.

पण कॅसेट लावली की आबांच्या त्या शेवटच्या वाक्यानंतर थोडी शांतता येते, आणि मग आणखी एक आवाज येतो. ज्या माणसानं गिरण्या बंद पाडल्या, म्हशीला गप्प केलं, टाळांना मोजे घातले, त्याला त्या दिवशी राहवलं नाही. झटक्यानं जीभ जड झालेली. "वहिनी, ऐकू आलं ना नीट?" काकांचा आवाज जगात एवढ्या एकाच ठिकाणी आहे. आणि त्याच्यावर लगेच, खेकसून, माझा:

"काका, गप्प बसा जरा. रेकॉर्डिंग चालू आहे."